कूलोम, अँपिअर-तास, फॅरडे, ईएसयू : विद्युतप्रभाराच्या एककांचे रूपांतर आणि त्यात होणाऱ्या चुका

प्रश्न थोडक्यात असा आहे : विद्युतप्रभार कुठे कूलोममध्ये दिलेला असतो, बॅटरीवर एएच (अँपिअर-तास) किंवा एमएएचमध्ये (मिलीअँपिअर-तास), रसायनाच्या पुस्तकात फॅरडेमध्ये, तर भौतिकीच्या जुन्या पुस्तकात ईएसयूमध्ये (इलेक्ट्रोस्टॅटिक युनिट). एकातून दुसऱ्यात जायचे कसे, आणि सूत्र बरोबर लावूनही बॅटरीचे किंवा प्लेटिंगचे (विजेने धातूचा मुलामा चढवण्याचे) उत्तर प्रत्यक्षाशी जुळत का नाही?

रूपांतरासाठी एकच सवय लावून घ्या. कोणतेही एकक आले की आधी कूलोममध्ये न्या आणि तिथून हवे त्या एककात उतरा. एमएएचवरून थेट फॅरडे, ईएसयूवरून थेट एएच असे गुणक पाठ करायला गेलात तर एखादे शून्य हमखास सुटते. लक्षात ठेवायचे गुणक मोजकेच आहेत (^ ही खूण घातासाठी वापरली आहे) :

१ कूलोम = १ अँपिअर प्रवाह १ सेकंद
१ एएच = ३,६०० कूलोम; १ एमएएच = ३.६ कूलोम
१ अँपिअर-मिनिट = ६० कूलोम
१ फॅरडे, म्हणजे एक मोल इलेक्ट्रॉनांचा प्रभार = ९६,४८५.३३ कूलोम = २६.८०१ एएच
१ इलेक्ट्रॉनाचा प्रभार = १.६०२१७६६३४ × १०^(−१९) कूलोम
१ ईएसयू, म्हणजेच स्टॅटकूलोम = ३.३३५६४ × १०^(−१०) कूलोम
१ ॲबकूलोम (जुन्या पुस्तकातले आणखी एक एकक) = १० कूलोम

इलेक्ट्रॉनाच्या प्रभाराचा आकडा २० मे २०१९ पासून व्याख्येनेच ठरवलेला आहे. त्याआधी तो मोजून काढलेला असे आणि त्यामागे अनिश्चितता लिहावी लागे. आता १.६०२१७६६३४ नंतर पुढे काही नाही. अँपिअर आणि त्यामुळे कूलोमही या आकड्यावर उभे आहेत.

एक उदाहरण सावकाश करून पाहू. रिमोटमध्ये किंवा कॅमेऱ्याच्या फ्लॅशमध्ये घालायचा निकेल-मेटल हायड्राइड सेल घ्या, त्यावर २५०० एमएएच छापलेले आहे. २५०० × ३.६ = ९,००० कूलोम. इलेक्ट्रॉन किती, तर ९,००० ला १.६०२ × १०^(−१९) ने भागा : ५.६१७ × १०^२२. फॅरडे किती, तर ९,००० भागिले ९६,४८५ = ०.०९३३. पडताळा असा : ०.०९३३ ला ॲव्होगाड्रो अंकाने, म्हणजे ६.०२२ × १०^२३ ने गुणा, वरचीच इलेक्ट्रॉनसंख्या मिळायला हवी. दोन वाटांनी एकच उत्तर आले तर घात कुठे सरकलेला नाही याची खात्री होते. मोठ्या हिशेबात हा पडताळा टाळू नये.

आता चुका कुठे होतात ते. पहिली चूक लिहिण्यातली. एमएएच म्हणजे मिलीअँपिअर गुणिले तास. कित्येक ठिकाणी 'एमए प्रति तास' असे लिहिलेले आढळते, आणि तसे वाचणारा पुढे भागाकार करत सुटतो. प्रवाह हाच मुळात 'प्रभार प्रति सेकंद' असतो, त्याला वेळेने गुणले की प्रभार परत मिळतो. 'प्रति' आले की समजावे, कुठेतरी घसरले आहे.

दुसरी चूक 'सी' या अक्षराची. कूलोमची खूण सी, बॅटरीच्या चार्जिंगच्या वेगाची खूणही सी. 'हा सेल ०.१ सीने १६ तास चार्ज करा' याचा कूलोमशी संबंध नाही. क्षमतेच्या एकदशांश एवढा प्रवाह द्या, असा त्याचा अर्थ. वरच्या सेलसाठी तो २५० मिलीअँपिअर. आणि २५० × १६ = ४००० एमएएच, म्हणजे बाहेर निघणाऱ्या २५०० पेक्षा दीडपटीहून जास्त प्रभार आत घालायचा. जादा हिस्सा वाया जातो. चार्जिंगच्या शेवटी तो सेलमध्ये ऑक्सिजन तयार करण्यात आणि तो पुन्हा शोषला जाताना उष्णतेत संपतो, म्हणून सेल कोमट लागतो. लिथियम-आयन सेलमध्ये घातलेला प्रभार जवळजवळ सगळा परत मिळतो, शिसे-आम्ल बॅटरीत १० ते २० टक्के जादा द्यावा लागतो.

तिसरी चूक उपसर्गांची. छताच्या पंख्याचा कपॅसिटर बघा, त्यावर बहुतेक '२.५ एमएफडी' असे छापलेले असते. तिथला एम मायक्रोचा आहे, मिलीचा नव्हे, मेगाचा तर नाहीच. तो ३२५ व्होल्टपर्यंत भरला असे धरले (२३० व्होल्ट एसीचा शिखरबिंदू तेवढा असतो) तर त्यातला प्रभार २.५ × १०^(−६) × ३२५ = ०.०००८१ कूलोम, म्हणजे ८१३ मायक्रोकूलोम. मिलीफॅरड समजून चाललात तर उत्तर हजारपट फुगते. एमएएचमध्ये हा प्रभार ०.०००२३ भरतो. कपॅसिटर आणि बॅटरी यांच्यात किती अंतर आहे ते यावरून कळते. शिवाय कपॅसिटरमधली ऊर्जा काढताना प्रभार गुणिले व्होल्टेज याच्या निम्मी धरायची, कारण प्रभार बाहेर पडत जातो तसे व्होल्टेजही उतरत जाते. बॅटरीत व्होल्टेज बऱ्यापैकी टिकून राहते, म्हणून तिथे निम्मे करत नाहीत.

फॅरड आणि फॅरडे यांतही गल्लत होते. फॅरड हे धारकतेचे एकक, ते प्रभाराचे एकक नाही. व्होल्टेज दिल्याशिवाय फॅरडवरून कूलोम निघतच नाहीत.

यापुढची चूक सर्वांत महाग पडते : प्रभार आणि ऊर्जा यांची सरमिसळ. एमएएचवरून युनिट, म्हणजे किलोवॅट-तास, काढून देणारा कॅलक्युलेटर व्होल्टेज विचारत नसेल तर त्याने ते आत कुठेतरी स्वतःच गृहीत धरलेले असते, आणि त्याचे उत्तर त्या गृहीतापुरतेच खरे. कूलोम गुणिले व्होल्ट म्हणजे ज्यूल, एएच गुणिले व्होल्ट म्हणजे वॅट-तास. हे नाते नीट बसण्यासाठी विजेकडे पाहा. ढगातून जमिनीवर पडणारी साधारण वीज १५ ते २० कूलोम प्रभार खाली आणते, म्हणजे ४ ते साडेपाच एमएएच. खिशातल्या ५००० एमएएचच्या फोनमध्ये १८,००० कूलोम आहेत, तिच्या जवळपास हजारपट. तरी झाड फोडते ती वीजच, कारण तिच्यामागे कोट्यवधी व्होल्ट असतात आणि फोनच्या सेलमागे साधारण चारच असतात.

पॉवर बँकेबाबत होणारी तक्रार नेमकी इथून येते. १०,००० एमएएच हा आकडा आतल्या सेलचा, ३.७ व्होल्टवरचा. ऊर्जा झाली ३७ वॅट-तास. यूएसबीतून बाहेर मात्र ५ व्होल्ट येतात. तोटा शून्य धरला तरी ३७ भागिले ५ = ७.४, म्हणजे ७४०० एमएएचच मिळणार. व्होल्टेज चढवणाऱ्या सर्किटची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर उरतात ६२९० च्या आसपास. खोक्यावर बारीक अक्षरात 'रेटेड कपॅसिटी' म्हणून हाच लहान आकडा असतो, खरेदी करताना तो वाचावा. विमानात नेताना मर्यादा १०० वॅट-तासांची असते (विमान कंपनीची परवानगी न घेता, आणि फक्त हातातल्या सामानात). ३.७ व्होल्टवर ती २७,०२७ एमएएच होते. २०,००० ची पॉवर बँक ७४ वॅट-तासांची, ती चालते. ३०,००० ची १११ वॅट-तासांची, तिथे परवानगी लागते.

आता घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी. १२ व्होल्ट, १५० एएच. कूलोममध्ये ५,४०,०००, वॅट-तासांत १,८००. दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडल्या तर २४ व्होल्ट आणि १५० एएचच, पॅरललमध्ये जोडल्या तर १२ व्होल्ट आणि ३०० एएच. ऊर्जा दोन्हीकडे ३,६०० वॅट-तास. सिरीजमध्येही एएचची बेरीज करून टाकणारे पुष्कळ भेटतात. सिरीजमध्ये तोच प्रभार दोन्ही बॅटऱ्यांतून जातो, दोनदा मोजायचा नसतो.

लेबलवर १५० च्या शेजारी 'सी २०' असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ, वीस तासांत सावकाश रिकामी केली, म्हणजे ७.५ अँपिअरने, तरच १५० एएच निघतात. सोलरच्या बॅटऱ्या 'सी १०' वर मोजलेल्या असतात, तिथे तेच १५० एएच १५ अँपिअरने दहा तासांत निघतात. म्हणून सी १० ची १५० एएच बॅटरी सी २० च्या १५० एएचपेक्षा खरोखर मोठी असते, आणि किमतीतला फरक काही अंशी त्याचाच असतो.

समजा घरात ५०० वॅटचा लोड आहे आणि इन्व्हर्टरची कार्यक्षमता ८५ टक्के. बॅटरीतून प्रवाह निघेल ५०० भागिले (१२ × ०.८५) = ४९, धरून चला ५० अँपिअर. सरळ भागाकार सांगतो, १५० भागिले ५० = ३ तास. प्रत्यक्षात तीन तास मिळत नाहीत. शिसे-आम्ल बॅटरीसाठी प्यूकर्टचे सूत्र लावतात (प्रवाह वाढला की प्रभार किती कमी निघतो ते सांगणारे; यात २० हे लेबलवरचे तास, १५० हे एएच आणि ५० हा प्रवाह) :

वेळ = २० × (१५० ÷ (५० × २०))^१.२

कंसातले उत्तर ०.१५, त्याचा १.२ वा घात ०.१०३, गुणिले २० म्हणजे २.०५ तास. बाहेर आलेला प्रभार जेमतेम १०३ एएच. उरलेला कुठे गेला? कुठेच नाही, तो प्लेटमध्ये आहे. प्रवाह मोठा असला की प्लेटच्या छिद्रांतले आम्ल वापरले जाते आणि बाहेरचे ताजे आम्ल तेवढ्या वेगाने आत झिरपत नाही, व्होल्टेज पडते आणि इन्व्हर्टर कट होतो. तासभर थांबून हलका लोड लावला तर त्यातला बराच प्रभार मिळतो. १.२ हा घातांक चांगल्या ट्युब्युलर बॅटरीसाठी ठीक आहे, जुनी झाली की तो वाढतो. शिवाय आयुष्य टिकवायचे तर बॅटरी पूर्ण रिकामी करायची नाही. ८० टक्के वापरून थांबायचे ठरवले तर हाती दीड-पावणेदोन तास. भारनियमनाच्या वेळापत्रकावर बॅटरी निवडताना हा आकडा धरा, लेबलवरचा धरू नका.

फोन, लॅपटॉप, ई-स्कूटर यांत प्रभार मोजणारी चिप असते. प्रवाहाच्या वाटेत एक लहानसा शंट (अगदी कमी रोधाचा रोधक), समजा १० मिलीओहमचा, आणि त्यावरचे व्होल्टेज ही चिप वेळेबरोबर बेरजेत घालत जाते. एक अँपिअरला १० मिलीव्होल्ट. तिच्या माहितीपत्रकात कधीकधी मायक्रोव्होल्ट-तास असे एकक दिसते. शंटने भागले की प्रभार : १ मायक्रोव्होल्ट-तास भागिले १० मिलीओहम = ०.१ एमएएच = ०.३६ कूलोम. आता या चिपचे शून्य १० मायक्रोव्होल्टने सरकलेले असेल तर तिला सतत १ मिलीअँपिअर दिसत राहील. दिवसाला २४ एमएएच, महिन्याला ७२० एमएएच निव्वळ खोटी बेरीज. टक्केवारी ३० वर असताना उपकरण अचानक बंद पडते त्याचे एक कारण हे. उपाय म्हणून बॅटरी अधूनमधून पूर्ण भरून चिपला नवा आरंभबिंदू द्यावा लागतो.

प्लेटिंगमध्ये कूलोमला थेट पैशाचे मोल आहे, म्हणून तिथे जास्त थांबतो. एक एएच प्रभाराने जास्तीत जास्त किती धातू बसेल ते असे काढतात : धातूचे अणुवस्तुमान भागिले (संयुजा × २६.८०१). संयुजा म्हणजे एका अणूमागे लागणारे इलेक्ट्रॉन. निकेल, संयुजा २ : १.०९५ ग्रॅम. आम्ली बाथमधले (प्लेटिंगच्या द्रावणातले) तांबे, संयुजा २ : १.१८६ ग्रॅम. सायनाइड बाथमध्ये तांब्याची संयुजा १, म्हणून बरोबर दुप्पट, २.३७ ग्रॅम. चांदी ४.०२५ ग्रॅम. हेक्साव्हॅलंट क्रोम, संयुजा ६ : ०.३२३ ग्रॅम, आणि त्यातही कार्यक्षमता १५-२० टक्क्यांच्या घरात, बाकीचा प्रभार हायड्रोजनचे बुडबुडे काढण्यात जातो. क्रोमच्या टाकीवर धूर आणि फवारा का असतो आणि वीजबिल का चढते, याचे उत्तर या एका आकड्यात आहे.

जॉबचे, म्हणजे मुलामा चढवायच्या वस्तूचे, क्षेत्रफळ २५ चौरस डेसीमीटर, निकेलचा थर २० मायक्रॉन हवा. आकारमान २,५०० चौ. सेंमी × ०.००२ सेंमी = ५ घन सेंमी. घनता ८.९, म्हणून ४४.५ ग्रॅम निकेल. भागिले १.०९५ = ४०.६ एएच. वॅट्स बाथची (निकेलच्या नेहमीच्या द्रावणाची) कार्यक्षमता ९५ टक्के धरली तर ४२.८ एएच, म्हणजे १,५४,००० कूलोम. ४ अँपिअर प्रति चौरस डेसीमीटरने १०० अँपिअर लावले तर वेळ २५ मिनिटे ४० सेकंद.

थर कमी भरला तर आधी रॅकच्या हुकांचे क्षेत्रफळ मोजले होते का ते बघा. त्यावरचे प्लास्टिकचे आवरण उडाले असेल तर तेही निकेल खातात. थर कडांना जाड आणि मध्ये पातळ असणार हेही धरून चला, सूत्र फक्त सरासरी सांगते. तिसरी गोष्ट सहसा कुणी तपासत नाही, ती म्हणजे प्रवाह कशाने मोजला. धातू बसतो तो सरासरी प्रवाहाने, आरएमएस (वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ) प्रवाहाने नव्हे. रेक्टिफायरमध्ये (एसीचे डीसी करणाऱ्या यंत्रात) रिपल, म्हणजे प्रवाहातला चढउतार, जास्त असेल आणि ट्रू-आरएमएस क्लॅम्प मीटर लावला असेल तर तो वाढीव आकडा दाखवतो. फिल्टर नसलेल्या फुल-वेव्ह रेक्टिफायरवर आरएमएस सरासरीच्या १.११ पट, हाफ-वेव्हवर १.५७ पट. म्हणजे मीटर १०० दाखवतो आणि टाकीत सरासरी ९० किंवा ६४ च जातात. कूलोम काढायचे तर डीसी सरासरी दाखवणारा मीटर किंवा शंटवर डीसी मिलीव्होल्टमीटर लावा.

ब्राइटनरची (थराला चकाकी देणाऱ्या रसायनाची) मात्राही प्रभारावर ठरते, 'दर १००० अँपिअर-तासांना इतके मिलीलिटर' अशी. १००० एएच म्हणजे ३६ लाख कूलोम. सोन्याच्या बाथवर मात्र अँपिअर-मिनिट मीटर असतो. दोन्ही टाक्यांची नोंद एकाच वहीत, एकक न लिहिता ठेवली की एक दिवस कुणीतरी अँपिअर-मिनिटांचा आकडा तास समजून साठपट मात्रा ओततो आणि बाथ हातचा जातो. सोन्यासाठी १ अँपिअर-मिनिट म्हणजे जास्तीत जास्त ०.१२२५ ग्रॅम. कोबाल्ट घातलेल्या आम्ली बाथमध्ये बरेचदा निम्म्याहूनही कमी बसते, म्हणून सोन्याचा हिशेब फक्त मीटरवर न सोडता जॉबचे वजन आधी आणि नंतर घ्यावे.

चांदीची संख्या इतिहासातही महत्त्वाची आहे. १९४८ पर्यंत आंतरराष्ट्रीय अँपिअरची व्याख्याच अशी होती : सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणातून सेकंदाला १.११८ मिलिग्रॅम चांदी बसवणारा प्रवाह. १०७.८६८ ग्रॅम भागिले ९६,४८५ केले की आजही १.११८ मिलिग्रॅम प्रति कूलोमच येते.

एक्स-रेच्या खोलीतला एमएएस हेही प्रभाराचेच एकक आहे : मिलीअँपिअर-सेकंद, म्हणजे मिलीकूलोम. २०० मिलीअँपिअर ०.१ सेकंद = २० एमएएस = ०.०२ कूलोम. ८० किलोव्होल्टवर, व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या जनरेटरमध्ये, ८०,००० × ०.०२ = १,६०० ज्यूल उष्णता ॲनोडला सोसावी लागते.

राहिला ईएसयू. याच्या गुणकाला 'बरोबर' या चिन्हापेक्षा 'इतक्याला समतुल्य' असे म्हणणे जास्त खरे. सीजीएस (सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंद) पद्धतीत कूलोमच्या नियमात स्थिरांक नसतो, त्यामुळे तिथे प्रभाराची मिती ग्रॅम, सेंटिमीटर आणि सेकंद यांतूनच बनते. एसआयमध्ये (आजच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत) अँपिअर स्वतंत्र आहे. म्हणून नुसता प्रभार बदलायचा असेल तर ३.३३५६४ × १०^(−१०) ने गुणा, पण एखादे सूत्रच सीजीएसमधून उचलत असाल तर आकडे बदलून भागत नाही, ४π चे घटक कुठे येतात आणि कुठे जातात तेही बदलावे लागतात. आधी सूत्र एसआयमध्ये लिहा, मगच आकडे घाला. सरावासाठी मिलिकनने १९१३ मध्ये मोजलेले इलेक्ट्रॉनाच्या प्रभाराचे मूल्य घ्या : ४.७७४ × १०^(−१०) ईएसयू. गुणून १.५९२ × १०^(−१९) कूलोम येते, आजच्या आकड्यापेक्षा ०.६ टक्का कमी. इथे चूक रूपांतराची नाही. त्याने हवेच्या श्यानतेसाठी वापरलेले मूल्य थोडे कमी होते.

ईएसयू आजही एका ठिकाणी दडून बसलेला आहे, तो म्हणजे राँटजेनमध्ये, क्ष-किरणांची मात्रा मोजण्याच्या जुन्या एककात. ० अंश सेल्सियस आणि ७६० मिमी पारा दाबाच्या १ घन सेंमी कोरड्या हवेत, म्हणजे १.२९३ मिलिग्रॅम हवेत, १ ईएसयू प्रभार निर्माण करणारे किरण म्हणजे १ राँटजेन. ३.३३५६४ × १०^(−१०) भागिले १.२९३ × १०^(−६) किलोग्रॅम केले की २.५८ × १०^(−४) कूलोम प्रति किलोग्रॅम. सारणीतला हा विचित्र दिसणारा आकडा इथून आला. आयन चेंबरवर (किरणांमुळे हवेत तयार झालेला प्रभार मोजणाऱ्या उपकरणावर) नॅनोकूलोम वाचून हवेच्या वस्तुमानाने भागताना लक्षात ठेवा, उघड्या चेंबरमधल्या हवेचे वस्तुमान तापमान आणि दाबावर ठरते. २० अंश आणि १०१.३ किलोपास्कल हा संदर्भ धरला, तर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर असलेल्या पुण्यात, दाब ९५ किलोपास्कल आणि खोली २५ अंश असताना, दुरुस्तीचा गुणक (२९८.२ ÷ २९३.२) × (१०१.३ ÷ ९५) = १.०८५ येतो. त्याच खोलीच्या तापमानाला मुंबईत तो १.०२ च्या आसपास राहतो. एकक अचूक बदलले आणि हा गुणक राहून गेला तर पुण्यातले वाचन आठ टक्क्यांनी कमी निघेल.